हिरड्याची शाई

पुष्पाच्या ओठावरची मिशी डावीकडे साधारण दोन मिलिमीटर वर चढली होती. उजवं टोक ओठाच्या कोपऱ्याशी बरोबर थांबलं होतं, डावं मात्र गालाकडे निघालेलं. प्रेक्षकांतून ते कुणाला दिसलं नसतं. पण मी फूटभर अंतरावर बसले होते आणि तेवढ्यावरून पुष्पा सतत कशाचं तरी हसू दाबते आहे, असं वाटत होतं.

"बोलू नकोस. सुकू दे," मी म्हणाले.

"सुकलं की," ती ओठ न हलवता म्हणाली. "खाज सुटलीय. पुरुष कसे गं सहन करतात?"

"त्यांना उगवते. चिकटवावी लागत नाही."

रंगभूषेच्या पेटीत ब्रश लावून ठेवणारे दत्तूमामा हसले. "बाई कधी नाय ते इनोद करायल्या आज. पण डिंक लय भारी केलाय हं तुमी. मागच्या खेपंला घामानं सुटली न्हाई."

डिंक मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत केला होता. बाजारातल्या बाटलीने पुष्पाच्या ओठावर पुरळ उठायचं, म्हणून राळ कुटून, स्पिरिटात विरघळवून, दोनदा गाळून. कराडच्या कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि आमच्या हौशी नाट्यमंडळाची प्रॉम्प्टर. ही शहाऐंशीची गोष्ट. स्पर्धेची अंतिम फेरी परगावी होती, आमचा प्रयोग दुपारी चारचा. तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी स्पिरिटचा बोळा घेऊन मिशीचं डावं टोक सैल करत होते, तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी छापून आलेली पत्रकं टेबलावर ठेवून गेले. पुष्पाने एक उचललं. ती तहसील कचेरीत टायपिस्ट होती. छापील कागद दिसला की आधी चुका शोधायच्या, ही तिची सवय. पण तिने ते अर्ध्या मिनिटात पालथं ठेवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मिशी लाव आधी."

मी पत्रक सुलटं केलं. नाटक, ‘नवा कारकून’. त्याखाली मूळ इंग्रजी नाटककाराचं नाव, बिनचूक. त्याखाली, ‘रूपांतर व दिग्दर्शन: श्रीरंग देवस्थळी’. अगदी शेवटी, ‘साहाय्य’ या शब्दापुढे सात नावं, त्यांत पाचवं कु. हेमलता गुळवणी. माझ्या आधी इस्त्रीवाला होता.

कॉलेजच्या वाचनालयात मला एक इंग्रजी सुखात्मिका सापडली होती. पुठ्ठा नाही, पहिली आठ पानं गायब. एक मुलगी पुरुषाचा वेष घेते आणि ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं आहे, त्याच्याच घरी नोकरीला राहते, तो माणूस कसा आहे ते पाहायला. मी ते एका जहागीरदाराच्या कचेरीत आणलं आणि मुलीला कारकून केलं. प्रात्यक्षिकांच्या जुन्या वह्यांमध्ये डाव्या बाजूची पानं कोरी असतात, त्यांवर लिहिलं. चौदा महिने लागले. त्यांतले दोन महिने मूळ नाटककाराचं नाव शोधण्यात गेले. मी तीन वाचनालयांना पत्रं पाठवली, कारण ज्याचं नाटक त्याचं नाव खाली नसणं मला बरोबर वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी संगमाच्या घाटावर मी एकेक प्रवेश श्रीरंगला वाचून दाखवायचे. तो बँकेत होता आणि मंडळाचा दिग्दर्शक. तो बरोबर जागी हसायचा. मी कुणाच्या प्रेमात का पडले असं विचारलं तर मला एवढंच कारण देता येतं. साखरपुडा झाला तेव्हा नाटकाचा दुसरा अंक निम्मा झाला होता.

मग स्पर्धेचा अर्ज भरायची वेळ आली. "हेमा, परीक्षक मला ओळखतात," तो म्हणाला. "तुझं नाव बघून म्हणतील, ही कोण? नळ्या धुणारी मुलगी. वाचायच्या आधीच दोन गुण कमी. प्राथमिक फेरीपुरतं माझं नाव टाकू. अंतिमला दुरुस्त करू."

मी "बघू" म्हणाले. पटलं नाही की मी "बघू" म्हणायचे. घरी, कॉलेजात, सगळीकडे.

प्राथमिक फेरीत नाटक पहिलं आलं. रूपांतराचं वेगळं बक्षीस होतं. श्रीरंगने मंचावर जाऊन ते घेतलं आणि माईक हातात घेऊन म्हणाला, "चौदा महिने या नाटकाने मला झोपू दिलं नाही." मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्याने दुसरा कुठलाही आकडा सांगितला असता तरी चाललं असतं. चौदा हा आकडा माझा होता. आठवड्याने एका वृत्तपत्रात आलं, की देवस्थळी यांना स्त्रीमनाची विलक्षण जाण आहे. त्याने ते कात्रण माझ्या आईला आणून दिलं. आईने टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

"मी टाइप केलंय ते नाटक," पुष्पा आता म्हणाली. मिशीमुळे तिचा आवाज दबला होता. "तुझ्या अक्षरावरून. एकशे बारा पानं. त्यात एकही ओळ त्याच्या अक्षरातली नव्हती."

"मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे, दत्तूमामांना माहीत आहे. त्या इस्त्रीवाल्याला पण माहीत असेल. सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. आणि तू तर मुळीच नाही."

"अंतिमला दुरुस्त करू म्हणाला होता."

"मग? ही काय उपांत्य आहे?"

मी मिशी पुन्हा बसवली आणि बोटाने दाबून धरली. या वेळी रेषा बरोबर आली.

"आणि ते शेवटचं वाक्य," पुष्पा म्हणाली. "काल त्याने कापलं. तू काहीच बोलली नाहीस."

शेवटच्या प्रवेशात सगळं उघड होतं. कारकून पगडी काढतो, जहागीरदार विचारतो, "तुझं नाव काय?" आणि मुलगी दोन अंकांत पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगते. त्यावर पडदा. आदल्या दिवशीच्या तालमीत श्रीरंगने ते छाटलं. त्याचं म्हणणं, तिने पगडी काढली, त्याने हात धरला, झालं. आता नाव कळून प्रेक्षकांना काय करायचंय? आता तो नुसतं विचारणार होता आणि तिने लाजून मान खाली घालायची होती.

"तू विंगेत असशील ना पुस्तक घेऊन?" पुष्पाने विचारलं. "तू प्रॉम्प्ट दिलंस तर मी ते वाक्य घेईन. देवस्थळीला नंतर काय ओरडायचं ते ओरडू दे."

तेवढ्यात दारात श्रीरंगच्या आई आल्या, हातात अबोलीचे गजरे घेऊन. त्या खास प्रयोगासाठी माझ्या आईबरोबर सकाळच्या एस्टीने आल्या होत्या.

"अगं बाई, ही पुष्पा का? मला वाटलं कोण बाप्या बसलाय हेमाजवळ!" त्या हसल्या. "हेमा, इकडे ये. माळ हा. आणि ऐक, भटजींना मी सांगून ठेवलंय. तांदळात सुमेधा लिहायचं."

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि त्यात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. ते लिहून झालं की सगळे टाळ्या वाजवतात.

"काकू, मला हेमलता चालतं," मी म्हणाले.

"तुला चालतं गं. पण जुनाट वाटतं. श्रीरंगला पण सुमेधाच आवडलंय."

"पण नाव बदलायलाच हवं का?"

त्यांना प्रश्न कळला नाही, असं नव्हे. त्या खुर्चीवर टेकल्या आणि माझ्या केसात गजरा नीट करू लागल्या. "माझं द्वारका होतं," त्या म्हणाल्या. "पहिलं वर्षभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. मग सवय होते. परवा बाजारात कुणीतरी द्वारका म्हणून हाक मारली. मी वळलेसुद्धा नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीने मारली होती." एवढं बोलून त्या हसल्या. "चला, जागा धरायला हवी. तुझी आई एकटीच बसलीय."

त्या गेल्यावर दत्तूमामांनी पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

साडेतीनला श्रीरंग आला. जहागीरदाराचा अंगरखा त्याला छान दिसायचा. खांद्यावर उपरणं टाकत तो घाईने म्हणाला, "हेमा, दोन मिनिटं. ती शाईची भानगड समजावून सांग. प्रयोगानंतर परीक्षक लेखकाशी चर्चा करणार आहेत. मागच्या वेळी एकाने विचारलं होतं, शाई खरंच अशी असते का. मी म्हटलं आमच्या आजीकडे होती. आज तेवढ्यावर भागणार नाही."

नाटकात जहागीरदार एका दुसऱ्याच बाईला पाठवायचं प्रेमपत्र कारकुनाला लिहायला सांगतो आणि कारकुनाच्या वेषातली मुलगी ते लिहिते. पण ती शाई कमी घोटते. पत्र जवळजवळ कोरं दिसतं, जहागीरदार चिडतो, फेकून देतो. दुसऱ्या दिवशी तेच पत्र त्याला कोनाड्यात सापडतं, काळंभोर, ठसठशीत. आणि तो वाचतो तेव्हा कळतं, तिने त्याचा मजकूर लिहिलेलाच नव्हता. स्वतःचा लिहिला होता. मूळ नाटकात हे नाही. हे मी घातलं होतं, कारण शाई मला माहीत होती.

"हिरड्याच्या काढ्यात टॅनिन असतं," मी म्हणाले.

"थांब, थांब." त्याने खिशातून बॉलपेन काढलं आणि डाव्या तळहातावर लिहू लागला. "हिरडा. आणि?"

"हिराकस. म्हणजे फेरस सल्फेट. दोन्ही एकत्र केले की सुरुवातीला रंग फिका असतो. कागदावर हवा लागली की लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि अक्षर काळं होत जातं. पूर्ण काळं व्हायला एक-दोन दिवस लागतात. एकदा झालं की पुसता येत नाही. कागद खरवडावा लागतो."

"ऑक्सिडी... सोप्पं सांग ना."

"हवेने काळं होतं."

"हां, हे बरं." त्याने लिहिलं, ‘हवेने काळं’. मग मान वर करून गोड हसला. "काय गं डोकं तुझं! मला हे शंभर वर्षांत सुचलं नसतं."

"मग चर्चेला मी बसते."

तो हसायचा थांबला नाही. माझी थट्टा चालली आहे असं त्याला वाटलं.

"श्रीरंग, तू म्हणाला होतास की अंतिमला दुरुस्त करू."

साखरपुड्यानंतर त्याच्या आईसमोर मी त्याला "तुम्ही" म्हणायचे. आता त्या नव्हत्या.

"अगं, मी विचार केला त्याचा. खरंच केला." तो माझ्यासमोर पेटीवर बसला. दत्तूमामा उठून बाहेर गेले. पुष्पा मात्र आरशासमोरून हलली नाही. "पण नाव छापायचं कुठलं? हेमलता गुळवणी एकोणीस दिवसांनी राहणार नाही. सुमेधा देवस्थळी अजून झालेली नाही. मग मधल्या मध्ये माझं राहिलं. यात काय बिघडलं? घरातच आहे ना सगळं."

"कुणाच्या घरात?"

"आपल्या. रागावलीस का? तू रागावलीस की तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो."

"आत्ता झालाय का?"

त्याने पाहिलं. "थोडा."

"मग मी रागावलेय."

"हेमा, ऐक. आता परीक्षकांना सांगायचं काय? प्राथमिक फेरीत मी खोटं बोललो म्हणून? नाटक बाद होईल. वीस माणसांची मेहनत आहे. पुष्पाची मेहनत आहे. स्वतःच्या हौसेसाठी तू सगळ्यांना बुडवणार?"

"माझं नाव नका घेऊ मध्ये," पुष्पा आरशातूनच म्हणाली. "बाद झालं तर होऊ दे. माझी मिशीची खाज तरी थांबेल."

"तुला कुणी विचारलंय?"

"तुम्हीच विचारलंत. आत्ता. मेहनत म्हणून."

श्रीरंगने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. माझा हात धरला. त्याच्या तळव्यावरची ओली शाई माझ्या बोटांना लागली. "बक्षीस घेऊन आलो की आपण दोघं बसून नवं नाटक लिहू. त्यावर तुझं नाव टाकू. सुमेधा देवस्थळी. ठसठशीत. शब्द देतो."

आपण खोटं बोलतो आहोत असं त्याला वाटत नव्हतं. मला भीती वाटली ती याच गोष्टीची. तो खोटारडा असता तर मी त्याच्यावर ओरडले असते. पण त्याच्या हिशेबात काहीच चुकलं नव्हतं. त्याने माझं नाटक घेतलं नव्हतं, कारण माझं असं काही असतं हेच त्याच्या मनात आलं नव्हतं. आणि तीन महिने "बघू, बघू" करत त्याला तसं समजू देणारी मीच होते.

"बघते," मी म्हणाले.

"शहाणी." त्याने माझा हात थोपटला. जाताना दारात वळला. या वेळी हसला नाही. "आणि घोषणा नेहमीसारखी. तू माझंच नाव घेणार आहेस, हेमा. दुसरं काही घेतलंस, तर एकोणीस दिवसांनंतरचं मला विचारू नकोस. आई काय म्हणेल ते तू बघ. हॉल, पत्रिका, सगळं तू बघ."

आमच्याकडे नाटकाच्या तिसऱ्या घंटेआधी विंगेतून घोषणा होते. पडदा बंद, दिवे मंद, आणि एक आवाज मंडळाचं नाव सांगतो, नाटकाचं सांगतो, लेखकाचं सांगतो. हे काम माझं होतं. माझा आवाज उंच नाही, पण उच्चार स्पष्ट आहेत असं श्रीरंगचंच मत होतं. प्राथमिक फेरीत त्याचं नाव मी माझ्याच आवाजात वाचलं होतं.

पहिली घंटा झाली. मी विंगेत स्टुलावर बसले, मांडीवर पुष्पाने टाइप केलेली संहिता. शेवटच्या पानावर श्रीरंगने लाल पेन्सिलीने काट मारली होती. पेन्सिल होती, त्यामुळे खालची अक्षरं दिसत होती. मी खोडरबर काढलं आणि ती काट पुसली. सगळी गेली नाही. गुलाबी डाग राहिला. पण वाक्य वाचता येत होतं.

पुष्पा पगडी सावरत आली. तिने संहितेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"देणार?"

"देणार."

"आणि ते?" तिने माईककडे बोट केलं.

दुसरी घंटा झाली. पडद्याच्या फटीतून पहिली रांग दिसत होती. तीन परीक्षक, त्यांच्यासमोर तेच पत्रक. चौथ्या रांगेत माझी आई आणि काकू. आई काकूंच्या कानाशी काहीतरी सांगत होती, बहुतेक मला किती छान स्वयंपाक येतो ते. समोरच्या विंगेत श्रीरंग उभा होता. त्याने मला अंगठा दाखवला. तळहातावरचं लिखाण इतक्या लांबून वाचता येत नव्हतं, नुसता निळा धब्बा दिसत होता.

मी माझी बोटं पाहिली. त्यांनाही तो निळा रंग लागला होता. मी साडीच्या पदराला पुसला. बॉलपेनची शाई, लगेच फिकी झाली.

प्रेक्षागृहातले दिवे उतरले. खोकणं थांबलं. मी माईकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"मान्यवर परीक्षक आणि रसिक प्रेक्षकहो, नमस्कार," मी म्हणाले. माझा आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन परत आला. "कृष्णाकाठ नाट्यमंडळ, कराड, सादर करीत आहे दोन अंकी नाटक ‘नवा कारकून’." मूळ नाटककाराचं नाव वाचलं, जसं मी शोधलं होतं तसं, पूर्ण. मग थोडं थांबले. समोरच्या विंगेत श्रीरंगने मान किंचित पुढे केली, नेहमी स्वतःचं नाव ऐकायच्या आधी करायचा तशी. पुष्पाने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, काही नाही. ती फक्त मिशीखाली हसत होती. आता दोन्ही बाजूंनी सारखं.

"दिग्दर्शन, श्रीरंग देवस्थळी," मी म्हणाले. "रूपांतर, हेमलता गुळवणी. आणि हेच माझं नाव राहणार आहे."